पूजेतला पाना

१

मोफत सल्ला मागायला आलेला माणूस आधी स्वतःचा गुन्हा कबूल करत नाही. बारकूनं सतरंजीवर टेकल्या टेकल्या केला.

"ह्या माझ्या घरवालीनं ओढून आणलं म्हणून आलो, ताई. मशीनची जाळी मीच काढली होती. दुसऱ्या कोणाची चूक नाही. चल गं, झालं."

आणि तो उठायला लागला. उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. पट्टीच्या टोकाला, जिथं बोटं असायला हवीत, तिथं पट्टी नुसतीच गोल वळली होती.

एक्क्याण्णव साल, कार्तिक महिना. सिल्वासात आमच्या राममंदिरात महिनाभर संध्याकाळी कीर्तन असे. रविवारी दुपारी, बुवांसाठी गादी घालायच्या आधी, त्याच सभामंडपात खांबाशी सतरंजी टाकून शैलजाताई वकील बसत. पैसे घेत नसत. मूळच्या रत्नागिरीकडच्या, नवरा इथं सरकारी कचेरीत, बोलणं जरा फटकळ. मी मालती, मराठी शाळेत शिकवते, कीर्तनात झांजा धरते आणि रविवारी ताईंच्या शेजारी बसून आलेल्यांना पाणी देते. देवाच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये, असं बुवा नेहमी सांगतात. त्या दिवशी ते वाक्य आठवलं आणि माझी नजर त्या झोळीकडे गेली.

"बसा खाली," ताई म्हणाल्या. "कायदा काय सांगतो ते ऐका आणि मग जा. कामावर हात गेला की मालकानं भरपाई द्यायची. पण कामगारानं सुरक्षेची जाळी मुद्दाम काढली असेल, तर मालक सुटला. आत्ता जे बोललात ना, ते ऐकून मालकाच्या वकिलानं साखर वाटली असती."

"वाटू द्या."

"हा खोटं बोलतो, ताई," बायको म्हणाली. मंजुळाबाई तिचं नाव. ठेंगणी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "सरकारी साहेब तपासायला आले, त्यांनाही हेच बोलला. हा माणूस विचारल्याबिगर दुसऱ्याचं कवाड लोटत नाही. हा मशीन उघडेल?"

"तू गप."

"मी का गप? घास भरवायला मी लागते, तर बोलायला पण मीच."

ताईंनी चष्मा पुसला. "कशानं काढली जाळी?"

"पान्यानं. चार नट असतात."

"कधी?"

"दसऱ्याला सकाळी. मशीन चालू करायच्या आधी. हात भराभर चालावा म्हणून."

सगळं पाठ केल्यासारखं. बोलताना तो ताईंकडे बघत नव्हता, रामाकडेही नाही. दाराशी काढून ठेवलेल्या चपलांकडे बघत होता.

ती दोघं गेल्यावर ताईंनी सतरंजीची घडी घातली. मग म्हणाल्या, "मालतीबाई, हा माणूस कोणाला तरी वाचवतोय. आणि ज्याला वाचवतोय, तो ह्याला स्वतःच्या हातापेक्षा प्यारा आहे. कोण असेल असा?"

२

सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी नरोलीला गेलो. चाळीतली एक खोली. बारकू पट्टी बदलायला दवाखान्यात गेला होता, आणि ताईंना तेच हवं होतं.

मंजुळाबाईनं चहा टाकला. "संशय कोणावर म्हणता? तिघांवर आहे. एक काळू. आमच्याच गावाकडचा, शिरपूरजवळचा. ह्याच खोलीत आमच्या पडद्यापल्याड झोपायचा. आता ह्याच्या मशीनवर तोच उभा राहतो. दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन आला, मी दारातूनच परत पाठवला. दुसरा लखन, फिटर. नट खोलायचं काम त्याचंच. दसऱ्यापासून गायब आहे. आणि तिसरे जयवंत साहेब, सुपरवायझर. ते तुमच्या कोकणातले, म्हणून जास्त बोलत नाही."

"बोला की. कोकणात काय देवच जन्मतात?"

ती हसली. हसली की तिचं वय एकदम कमी व्हायचं.

"साहेबांना माल लवकर पाहिजे असतो, ताई. जाळी असली की हात हळू चालतो म्हणे. मला काय कळतं. मी एकदाच गेले तिथं, खंडेनवमीला. शेठनं सगळ्या बायांना पूजेला बोलावलं होतं. जिचा नवरा ज्या मशीनवर, तिनं त्या मशीनला कुंकू लावायचं. गेल्या साली मी नव्हते, तर ह्या बाबानं बाजूला कुठंतरी बोट टेकवलं होतं. मी म्हटलं, देवीला कुंकू तोंडासमोर लावतात का पाठीमागं? मी नीट लावलं. दोन्ही साच्यांच्या मधे हात घालून, आतपर्यंत, स्वस्तिक काढलं. फूल ठेवलं. सगळ्या मशीनींत आमचीच मशीन सजलेली दिसत होती."

तिनं चहा आमच्यापुढं ठेवला. "तरी दुसऱ्याच दिवशी हे झालं. पण देवाला दोष नाही देणार मी. माणसानं केलं हे. ताई, एक विचारू? ही जाळी असते कुठं? मागच्या अंगाला असते का?"

मला ठाऊक नव्हतं. ताईंना बहुतेक ठाऊक असावं, पण त्यांनी कप उचलून नुसता परत खाली ठेवला. त्यांचा चहा निवून गेला.

कोनाड्यात एक लाकडी बैल होता, एका शिंगाचा. माझी नजर तिथं गेलेली तिनं पाहिली.

"पोराचा आहे. तापानं गेला. सासू म्हणाली, ही पांढऱ्या पायाची, हिनं खाल्लं. मग गावानं तेच धरलं. मी पाण्याला निघाले की बाया वाट सोडून उभ्या राहायच्या. एका पहाटे ह्यानं भांडीकुंडी उचलली नि मला इथं आणलं. म्हणाला, मशीनला कोणाचे पाय दिसत नाहीत."

निघताना तिनं आम्हाला हळदकुंकू लावलं. रस्त्यावर आल्यावर ताई म्हणाल्या, "उद्या मसाटला, कारखान्यात जायचं. मला ती जाळी बघायची आहे."

३

कारखाना तेलाच्या डब्यांची झाकणं करायचा. जयवंत साहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पंखा लावला आणि आम्ही विचारायच्या आधीच उत्तर दिलं.

"गार्ड होता, म्हणजे ती जाळी. दसऱ्याला सकाळी मी स्वतः पाहिला आणि मगच मशीन चालू करायला सांगितलं. नंतर त्यानं काढला. तो स्वतःच म्हणतोय, आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"दसऱ्याला कारखाना चालू होता?"

"शेठची ऑर्डर होती, बाई, दिवाळीचा माल. पण देवाधर्मात आम्ही कमी नाही हां." त्यांचा आवाज जरा खुलला. "नवमीला सगळी हत्यारं धुतली, पाटावर मांडली, भोवती लाल नाडा गुंडाळला. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवशीच्या आरतीपर्यंत उचलायचं नाही, उचललं तर वर्षभर धंदा बसतो, असं गुरुजी सांगून गेले होते. एका पान्याला कोणी बोट लावलं नाही. माझं बारीक लक्ष होतं."

"ते दिसतंच आहे," ताई म्हणाल्या. "लखन कुठं भेटेल?"

"गावी गेला. आजारी होता, मीच तिकीट काढून दिलं. पत्ता काही नाही बुवा."

मग त्यांनी आम्हाला ते मशीन दाखवलं. वर एक जड ठोकळा, खाली एक ठोकळा, मधे पत्रा सारायला जागा. समोरून बाजूंपर्यंत दाट लोखंडी जाळी, खाली फक्त पत्रा जाईल एवढी फट. मी त्या फटीत करंगळी घालून पाहिली. पेरापाशीच अडकली.

काळू मशीनवर होता. जेवणाची सुट्टी झाल्यावर फाटकाबाहेर आला आणि आम्हाला टाळून पुढं गेला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, परत फिरला.

"वहिनीनं माझं नाव घेतलं ना?"

"घेतलं. मिठाई परत आली, तरी कळलं नाही का?" ताई म्हणाल्या.

त्याचा चेहरा पडला. "मिठाई त्याच्यासाठीच नेली होती. पाप आहे माझ्या डोक्यावर. हात अडकला, तो बोंबलत होता, वरचा साचा उचलायला पाना पाहिजे. पाने सगळे पाटावर. लखन पाटाजवळ उभा, पण हात लावेना. बोले, पूजा टूट जायेगी. मी दातानं नाडा तोडला नि पाना उचलला. आरती व्हायच्या आधी."

"नाडा त्याआधी कोणी सोडला होता का? नीट आठव."

"कोण सोडणार? गुरुजींनी मारली तीच गाठ होती. वर अक्षता चिकटलेल्या. तोंडात आल्या माझ्या."

"आणि जाळी? सकाळी मशीन चालू झालं तेव्हा जाळी होती का?"

काळूनं कारखान्याच्या फाटकाकडं पाहिलं. तिथं जयवंत साहेब उभे होते, नुसतेच.

"मी काही बघितलं नाही, ताई," तो म्हणाला. "गावाकडं चार तोंडं आहेत. मशीन आत्ताच मिळालंय."

रिक्षात बसल्यावर ताई म्हणाल्या, "दसऱ्याच्या सकाळी त्या कारखान्यात एकही पाना मोकळा नव्हता. आणि ते चार नट हातानं निघत नाहीत, मी फिरवून पाहिले. बारकूनं जाळी काढली नाही. काळूनं नाही, लखननं नाही, साहेबांनीही नाही. त्या सकाळी ती कोणालाच काढता आली नसती."

"मग हात आत गेला कसा?"

"तेच तर," ताई म्हणाल्या.

४

शैलजाताई कीर्तनाला कधी थांबत नसत. देवावर त्यांचा राग नव्हता, पण गाण्यात त्यांचा जीव रमत नसे. त्या संध्याकाळी मात्र मागच्या खांबाला टेकून बसल्या.

बुवांनी उत्तररंगाला हत्तीचं आख्यान लावलं. मगरीनं पाय धरलाय, सोंडेत एक कमळ तेवढं उरलंय आणि हत्ती देवाला हाक मारतोय. बुवांचा आवाज तिथं असा चढतो की झांज धरलेले माझे हात आपोआप थांबतात. देव गरुडालाही मागं टाकून धावत येतो. सगळा मंडप रडत होता. मीही रडत होते, पण माझ्या डोळ्यांपुढं हत्ती नव्हता.

आरती झाल्यावर पायरीवर ताईंनी मला थांबवलं.

"सुटलं," त्या म्हणाल्या. त्या आवाजात आनंद अजिबात नव्हता. "जाळी दसऱ्याला निघालीच नाही. ती नवमीलाच निघाली होती, पाने पूजेत जायच्या आधी. तुम्ही करंगळी घालून पाहिलीत, पेरापुढं गेली नाही. आणि मंजुळाबाईंनी दोन्ही साच्यांच्या मधे अख्खा हात घालून स्वस्तिक काढलं. कसं काढलं?"

मी स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं.

"तिनं मला विचारलं, जाळी कुठं असते. असं का विचारलं? ती मशीनसमोर गेली तेव्हा जाळी तिथं नव्हतीच, म्हणून. लखननं पूजेसाठी मशीनचं तोंड मोकळं करून दिलं. मग पाने धुतले, पाटावर गेले, नाडा बांधला गेला आणि जाळी परत बसवायला पाना राहिला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ऑर्डरसाठी मशीन चालू करायला लावलं. बटण दाबायला पाना लागत नाही."

"म्हणजे दोष साहेबांचा," मी म्हटलं. "कंपनीचा. मग आपण जिंकलो की, ताई."

"कोणाच्या साक्षीवर? लखनला पळवलाय. काळू बोलणार नाही. स्वस्तिक रॉकेलनं पुसलंय, मी वाकून पाहिलं. आणि बारकू स्वतःच उलटं बोलतोय. नवमीला ते तोंड उघडं होतं हे शपथेवर सांगेल असं एकच माणूस उरलंय."

"मंजुळाबाई."

"हो. आणि जाळी कोणाच्या हौसेखातर काढली, हे तिला अजून कळलेलं नाही."

मंदिरातला पुजारी समया शांत करत होता. मला त्या खोलीतला एका शिंगाचा बैल आठवला, आणि बारकू कोणाला वाचवत होता ते न विचारताच मला कळलं.

५

पुढच्या रविवारी ताईंनी निरोप धाडून बारकूला एकट्यालाच लवकर बोलावलं. तो आला, बसला. ताईंनी सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तुम्हाला हे तिनं सांगितलं?"

"तिनं आम्हाला फक्त स्वस्तिकाचं सांगितलं."

"मग ठीक." त्यानं श्वास सोडला. "तिच्या मनात होतं, ताई, तोंडाला कुंकू लावायचं. पोर गेल्यापासून ती काही मागायची नाही. साडी नाही, काही नाही. हे पहिल्यांदा मागितलं. मी लखनला तंबाखू दिली, म्हटलं, भाऊ, बाया येऊन जाईपर्यंत खोल. त्यानं खोलली. पण गुरुजी लवकर आले. लखन बोलला, कल आरती के बाद लगा देंगे. सकाळी साहेब म्हणाले, हात सांभाळून चालव. मी सांभाळतच होतो." त्यानं झोळी सारखी केली. "पत्रा सारताना त्याची कड स्वस्तिकावर घासत होती. पुसलं जाऊ नये म्हणून मी पत्रा खालून उचलून धरला."

ताईंनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"ऐका," त्या म्हणाल्या, "ह्यात तुमचा गुन्हा नाही आणि तिचा तर नाहीच नाही. उघडं मशीन चालवायला लावलं, तो गुन्हा. तिनं साक्ष दिली तर ही भरपाई मिळण्यासारखी आहे. नाही दिली, तर काही मिळणार नाही. खाल काय?"

"वॉचमनचं बघतो. शिट्टीला बोटं लागत नाहीत."

"तुमच्यासारखे शंभर जण रांगेत आहेत आणि त्यांना दोन हात आहेत."

"माहीत आहे ताई." त्यानं मान हलवली. "पण ती तिथं उभी राहील. शेठचा वकील विचारेल, बाई, जाळी कोणासाठी काढली? मग? ती सगळ्यांपुढं मोजेल. आधी पोरगा, मग नवऱ्याचा हात. गाव सोडलं ते त्या एका शब्दापायी. तो शब्द मी माझ्या हातानं इथं आणू?"

"आम्ही तिला समजावू," मी म्हटलं. "बुवा समजावतील. देव बघतो आहे, बारकूभाऊ. तो कोणाला वाऱ्यावर सोडत नाही."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, असता तर बरं झालं असतं.

"बाई," तो म्हणाला, "देवाचंच करत होतो ना आम्ही."

मी आयुष्यभर कीर्तनं ऐकली. किती दृष्टांत, किती आख्यानं. त्याला द्यायला त्यातलं काहीच मला सापडलं नाही.

ताईंनी अखेर विचारलं, "तुम्ही माझे अशील. तुम्ही म्हणाल तेवढंच मी करू शकते. नक्की?"

"नक्की. तिनं विचारलं तर सांगा, सापडला नाही."

६

मंजुळाबाई थोड्या वेळानं आलीच. नवरा आधी येऊन बसलाय हे पाहून तिला बरं वाटलं असावं. तिनं डब्यातून केळी काढली, एक रामापुढं ठेवलं, एक बुवांसाठी माझ्याजवळ दिलं. मग ताईंसमोर मांडी घालून बसली.

"सापडला का, ताई?"

शैलजाताईंनी मोठमोठ्या वकिलांना तोंडावर सुनावलेलं मी ऐकलं आहे. त्या दिवशी त्या नजर खाली घालून बोलल्या.

"नाही, मंजुळाबाई. नाही सापडला. आणि त्याशिवाय दावा उभा राहत नाही."

तिनं डब्याचं झाकण लावलं. बारकू चपलांकडं बघत होता. बुवांची माणसं आली, गादी घातली, पेटीवाल्यानं एक सूर धरून ठेवला.

"नसेल सापडत तर नसेल," ती शेवटी म्हणाली. "मी येत जाईन दर रविवारी. कधीतरी कोणी बोलेल. आणि नाहीच बोललं, तर वर बसलाय ना तो?" तिनं रामाकडं हात केला. "मी त्याच्यासमोर सांगते. ज्याच्यापायी ती जाळी निघाली, त्याच्या घरचं कुंकू..."

पुढचा शब्द तिला बोलता आला नाही. बारकूनं झोळीतून हात काढून तिच्या तोंडावर धरला होता. तो पट्टीचा हात, बोटं नसलेला. घाईत त्याला सवयीचा अंदाज राहिला नाही आणि हात तोंडाच्या वर, कपाळापर्यंत गेला.

"देवळात असं बोलू नये," तो म्हणाला.

तिनं त्याचा हात दोन्ही हातांनी धरून खाली घेतला. पांढऱ्या पट्टीवर लाल डाग उमटला होता. ती घाबरली.

"अरे देवा. रक्त आलं? टाका तुटला का?"

"नाही गं," बारकू म्हणाला. "कुंकू आहे. तुझंच."

ती हसली, पदराच्या टोकानं डाग पुसायला लागली. तो काही निघेना. समोर बुवा उभे राहिले, सगळ्यांनी हात जोडले, आणि कोणीतरी मागून मला म्हणालं, मालतीबाई, झांजा.